बिनक्लचची गाडी, गिअर पोझिशन सेन्सर आणि स्कॅनर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून मला चालवता येणारी गाडी एकच, बिनक्लचची. २०१४ सालची, पेट्रोलची, चार गिअरची ऑटोमॅटिक गाडी नागपुरातून जुनी घेतली, त्याला आता पाच वर्षं होत आली. गाव घाटंजी तालुक्यात, शेती कपाशी-तुरीची. बाजार, बँक, दवाखाना, पोरीचं यवतमाळचं कॉलेज, सगळं याच गाडीवर. ती बंद पडली की कुबडी सांभाळत कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसावं लागतं. त्यामुळं गाडीत नेमकं काय बिघडलंय हे स्वतःला कळणं माझ्यासाठी फार मोलाचं आहे. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले दोष वाचून दाखवणारा स्कॅनर मी मागच्या ऑगस्टमध्ये घेतला तो याच कारणानं.

सुरुवात जुलैत झाली. चार दिवस झड लागली होती. सकाळी गिअरचा दांडा पी (पार्किंग) वर ठेवून चावी फिरवली तर सेल्फच लागेना. बॅटरी ठीक, दिवे लख्ख. मीटरमध्ये पी चं अक्षरही दिसत नव्हतं. दांडा एन (न्यूट्रल) वर घेतला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. दोन दिवस तशीच चालवली. तिसऱ्या दिवशी यवतमाळहून येताना चेक लाइट लागला, मीटरवरचं डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढं जायची जागा) गेलं आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकली. चढावर पायी माणूस पुढं जाईल अशी ओढ. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. खोलायचे, भरायचे मिळून लाखाच्या वर. मी गाडी तशीच घरी आणली.

तिसऱ्या गिअरचा अर्थ मला नंतर कळला. आपण दांडा हलवला की केबल ओढली जाते, केबल गिअरबॉक्सच्या बाहेर आलेला एक शाफ्ट फिरवते आणि त्या शाफ्टवरच गिअर पोझिशन सेन्सर बसलेला असतो. जुने मिस्त्री त्याला इनहिबिटर स्विच किंवा न्यूट्रल स्विच म्हणतात. माझ्या गाडीत त्याच्या आत धातूच्या पट्ट्यांवर सरकणारे पॉइंट आहेत. काही गाड्यांत व्होल्टेज बदलणारा पोटेन्शिओमीटर असतो, काहींत चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर. काम एकच: दांडा कुठं आहे ते कॉम्प्युटरला सांगणं. पी किंवा एन असेल तरच सेल्फ लागू द्यायचा, आर (रिव्हर्स) असेल तर मागचा पांढरा दिवा लावायचा, डी असेल तर गिअर बदलत राहायचे. हा निरोप फुटका आला की कॉम्प्युटर गिअरबॉक्स वाचवायला एकाच गिअरवर थांबतो. म्हणजे गिअरबॉक्स धडधाकट असतानाही तो मेल्यासारखा वागतो. माझं तेच झालं होतं.

आधी सातशे रुपयांचं, मोबाइलला जोडायचं ब्लूटूथवालं यंत्र मागवलं. पैसे वाया गेले. त्यानं इंजिन वाचलं, तापमान दाखवलं, आरपीएम दाखवले, आणि गाडीत बिघाडाचा एकही कोड नाही म्हणून सांगितलं. समोर चेक लाइट जळत होता! अशा स्वस्त नकला इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतात, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत बऱ्याचदा पोचतच नाहीत. मग भाच्याच्या सांगण्यावरून, तो मोटर मेकॅनिकचा आयटीआय केलेला आहे, साडेनऊ हजारांचा वायरवाला हँडहेल्ड स्कॅनर घेतला. खरेदी करताना मी एकच गोष्ट विचारली: माझ्या मॉडेलचा ट्रान्समिशन विभाग वाचतो का, आणि तिथला लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी सेन्सर काय सांगतोय ते, दाखवतो का. घेणाऱ्यानं बाकी कशाच्या नादी लागू नये. इंजिन, एबीएस, एअरबॅग सगळं वाचणारा पण ट्रान्समिशनच्या लाइव्ह डेटाला हात न लावणारा स्कॅनर या कामाला काही उपयोगाचा नाही.

स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं, सोळा पिनांचं ओबीडीचं सॉकेट असतं, त्यात लावला. कोड आला पी०७०५. या कुटुंबातले पाच कोड मी वहीत लिहून ठेवलेत: पी०७०५ म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, पी०७०६ म्हणजे निरोप येतोय पण पटण्यासारखा नाही, पी०७०७ सिग्नल कमी, पी०७०८ सिग्नल जास्त, पी०७०९ मधूनच येणारा-जाणारा दोष. पाचही वेळा लोक पहिलं काम सेन्सर बदलण्याचं करतात. पण कोडमध्ये सर्किट लिहिलंय. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर (वायर जिथं सेन्सरला जोडतात तो जोड), वायर, अर्थिंग, फ्यूज, सगळं आलं. बॅटरी उतरलेली असली तरी भलतेच कोड पडतात, म्हणून मी आधी मल्टीमीटरनं व्होल्ट पाहतो: गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास, चालू असताना चौदाच्या.

लाइव्ह डेटा ही या यंत्राची खरी किंमत. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली आणि ब्रेक दाबून दांडा सावकाश फिरवला. स्क्रीनवर पी च्या जागी रेघ, आर बरोबर, एन बरोबर, डी कधी यायचं कधी जायचं. मग घाटंजीच्या फिटरला घरी बोलावलं. त्यानं एअर फिल्टरचा डबा काढला, खाली सेन्सरचा कपलर होता. मी स्क्रीनकडं बघत होतो, तो कपलर बोटानं हलवत होता, आणि हलवला की डी उडत होतं.

"भाऊ, गिअरबॉक्सले काही झालं नाही. हे पाहा, कपलर हिरवा पडून राह्यला."

पिनांवर हिरवा थर, आत पाण्याचा थेंब. पांदणीच्या चिखलानं माखलेली गाडी मी शेतातल्या मोटरच्या पाइपनं धुवायचो, बोनेट उघडून. पाणी तिथून गेलं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारला, बारीक ब्रशनं पिना घासल्या, वाळवलं, कपलरला लावायचं सिलिकॉन ग्रीस लावलं. कोड पुसला. एकूण खर्च तीनशे ऐंशी रुपये आणि फिटरची मजुरी. लाखाचं काम त्या दिवशी माझ्या अंगणात संपलं. त्या रात्री मला खरंच नीट झोप लागली. बोनेट उघडून पाइप मारणं तेव्हापासून बंद आहे.

जानेवारीत शेजारच्या गावचे एक गुरुजी आले. त्यांचीही जुनी ऑटोमॅटिक. "मी पार्किंगमध्ये टाकूनच उतरतो, तरी गाडी सरकून राह्यली," म्हणाले. सुरू करायला त्यांना दांडा एन वर न्यावा लागत होता. त्यांना सेन्सर बदला म्हणून सांगितलेलं होतं. स्कॅनर लावला तर दांडा पी वर आणि स्क्रीनवर आर. मागं जाऊन पाहिलं तर रिव्हर्सचा दिवाही जळतोय. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता! दांड्याच्या केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश तुटलेला होता, त्यामुळं दांडा पी पर्यंत जायचा पण गिअरबॉक्सचा शाफ्ट आर वरच राहायचा. पार्किंगचा खटका बसलेलाच नाही म्हटल्यावर गाडी उतारावर सरकणारच. त्यांच्या घरासमोर लहान पोरं खेळतात. बुश बदलून केबल नीट लावेपर्यंत चाकामागं दगड ठेवल्याशिवाय उतरू नका, असं मी त्यांना हात जोडून सांगितलं. ज्यांच्या गाडीत दांडा आणि स्क्रीन जुळत नाही, त्यांनी आधी केबल पाहावी. सेन्सर नंतर.

एप्रिलमध्ये माझी गाडी परत आजारी पडली, आणि या वेळी दोष खरोखर सेन्सरचा निघाला. हे ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आमच्याकडं एप्रिलच्या शेवटी पारा चव्वेचाळीसच्या पुढं असतो. दुपारी यवतमाळहून निघालं की तासाभरानं डी गायब आणि गाडी तिसऱ्यात. लिंबाखाली एक तास उभी केली की जणू काही झालंच नाही. घरी स्कॅनर लावावा तर पी, आर, एन, डी सगळं चोख. कोड पी०७०९. कोड पुसायच्या आधी मी फ्रीझ फ्रेम पाहिली, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणी गाडीची काय स्थिती होती ते. वेग ६२, इंजिनचं पाणी ९६ अंश. तीन वेळच्या तीन नोंदी वहीत उतरवल्या, तिन्ही वेळा इंजिन तापलेलं. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, म्हणून गॅरेजवाला पहिल्याच झटक्यात कोड उडवत असेल तर त्याचा हात धरा.

मग गाडी तापवूनच तपासायची ठरवलं. भर दुपारी तासभर चालवून आणली, फिटर तयारच होता. कपलर काढून सेन्सरच्या बाजूच्या पिनांवर मल्टीमीटर लावला. माझ्या गाडीच्या सर्किट डायग्रामप्रमाणं पी आणि एन मध्ये सेल्फच्या दोन पिना जुळल्या पाहिजेत, बाकी कुठं नाही. आर मध्ये रिव्हर्स दिव्याच्या. डी ला स्वतःची पिन. सकाळी थंड असताना डी च्या जोडीवर अर्धा ओहम होता. तापल्यावर कधी चाळीस, कधी उघडंच, बीप नाही. वायर हलवून फरक पडेना, कपलर कोरडा, स्वच्छ. आतले पॉइंट झिजले होते. तेव्हाच नवा सेन्सर मागवला, कुरिअरनं आठ दिवसांत आला, तीन हजार आठशे रुपये.

बसवणं दिसतं तितकं साधं नाही. दोन बोल्टच्या भोकांना लांबट खाच असते, त्यामुळं सेन्सर थोडा फिरतो. दांडा आणि शाफ्ट दोन्ही एन वर ठेवून सेन्सरवरची खूण शाफ्टच्या खुणेशी जुळवायची, मग बोल्ट आवळायचे. पहिल्यांदा आमचा अंदाज केसभर चुकला: पी मध्ये सेल्फ लागायचा, एन मध्ये नाही. बोल्ट ढिले करून जेमतेम दोन मिलिमीटर फिरवला, तेव्हा दोन्हीकडं लागला. आर आणि डी मध्ये सेल्फ लागत नाही ना, हेही ब्रेक गच्च दाबून, गाडीच्या पुढं-मागं कुणी उभं नसताना पाहिलं. ही शेवटची तपासणी न करता गाडी घरी नेऊ नये.

आता यंत्राच्या तक्रारी. उन्हात स्क्रीन दिसत नाही. डोक्यावर गमछा घेऊन बघावी लागते. अपडेटला लॅपटॉप लागतो आणि आमच्या गावचं नेटवर्क त्याला पुरत नाही, म्हणून पोरगी कॉलेजला जाताना स्कॅनर सोबत नेते. सॉकेटच्या एका पिनेला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही चालू असतो, त्यामुळं यंत्र लावून ठेवलं की बॅटरी उतरते. दिवाळीत नऊ दिवस लावलेलंच राहिलं आणि बॅटरी उतरली. धक्का मारून सुरू करणं ऑटोमॅटिकला चालत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्पर लावला. आणखी एक मर्यादा मोठी आहे. गावात एएमटी गाड्या वाढल्यात, त्याही बिनक्लचच्याच, पण त्यांत गिअर बदलायची सगळी यंत्रणा साध्या गिअरबॉक्सवर बाहेरून बसवलेली असते आणि तिचा पोझिशन सेन्सर त्या यंत्रणेतच असतो. अशा दोन गाड्यांना मी हा स्कॅनर लावला. एकीत कोड दिसले, लाइव्ह डेटा नाही. दुसरीत काहीच नाही. एएमटीवाल्यांनी हा प्रकार माझ्या भरवशावर घेऊ नये. माझ्यासारख्या केबलच्या, जुन्या ऑटोमॅटिकसाठी मात्र मी तो डोळे झाकून परत घेईन.

परवा पहिला दमदार पाऊस झाला. सकाळी गाडी काढायच्या आधी स्कॅनर लावून दांडा चारही जागी फिरवला, चार मिनिटं लागली, चारही अक्षरं जागच्या जागी आली. कपलरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला आहे. फिटरनं तो उचलून बघितला. आत कोरडं होतं.