अमेरिकन टाइपरायटर : जुने वळण, नवी मोकळीक

जुन्या टाइपरायटरचा भास देणारे फॉन्ट आज ढिगाने मिळतात. मात्र त्यांतील बहुतेकांचा सारा भर पुसट शाई, खडबडीत कडा आणि वरखाली बसलेली अक्षरे यांवरच असतो. जोएल केडन आणि टोनी स्टॅन यांनी आयटीसी (इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन) या फॉन्ट-कंपनीसाठी रेखाटलेला आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अमेरिकन टाइपरायटर' या सोंगाच्या वाटेला जात नाही, हेच मला त्याचे मोठे बलस्थान वाटते.

टाइपरायटरची कोणतीही कळ दाबली तरी कागद धरणारा गाडा ठरावीक अंतरच सरकत असे. त्यामुळे सडपातळ 'आय'ला लांबलचक पाया लावून जागा भरावी लागे, तर 'एम'चे तीन खांब तेवढ्याच जागेत दाटीवाटीने उभे करावे लागत. टाइपरायटरच्या वळणाच्या 'कुरियर' या फॉन्टमध्ये ही कसरत आजही दिसते. केडन आणि स्टॅन यांनी हे बंधन काढून टाकले आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे रुंदी दिली. ठेवले ते जाड पायांचे गोलसर कोपरे आणि टोकांचे टपोरे थेंब. लहान लिपीतला 'आर' मोठा करून पाहावा: त्याचा आखूड हात शाईच्या गोळीत संपल्यासारखा दिसतो, पण कडा मात्र स्वच्छ असते.

म्हणूनच मोजके शब्द मोठ्या आकारात मांडायचे असतील, तर हा फॉन्ट खुलतो. ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांच्या न्यूयॉर्कविषयीच्या प्रसिद्ध बोधचिन्हात लाल बदामाशेजारी हीच अक्षरे आहेत, आणि तिथला आपलेपणा बराचसा त्यांच्या गोलाईतून येतो. निमंत्रणपत्रिका, मुखपृष्ठ, वेष्टनावरील नाव यांसाठी तो निःशंकपणे वापरावा. सलग मजकुरासाठी मी तो निवडणार नाही, कारण दोन-तीन परिच्छेदांनंतर ते थेंबच डोळ्यांत भरू लागतात आणि वाचनाचा ओघ अडतो. ठळक वजनात (म्हणजे अक्षरांच्या जाड रूपात) तर टाइपरायटरचा भास जवळपास हरवतो. हलके वजन मात्र छायाचित्रांखालच्या ओळींना शोभते.

नावावर विसंबून पटकथा किंवा संगणकीय कोड यात लिहू नये. पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ठोकताळा बारा पॉइंटच्या कुरियरवर आधारलेला आहे, आणि कोडमध्ये अक्षरे एकाखाली एक यावी लागतात. इथे ती येणार नाहीत.

अॅपलच्या संगणकांवर हा फॉन्ट आयताच मिळतो, परंतु त्या संचात तिरपी अक्षरे नाहीत. सॉफ्टवेअरकडून ती जबरदस्तीने तिरपी केल्यास गोल थेंब लंबुळके होतात, तेव्हा शब्दावर जोर द्यायचा असल्यास वजन वाढवणेच बरे. देवनागरी अक्षरेही यात नाहीत. मराठी मजकुराच्या जोडीला वापरताना एकसारख्या जाडीचा, गोलसर टोकांचा देवनागरी फॉन्ट निवडावा आणि दोन्हींचे आकार नजरेने जुळवून घ्यावेत.