लिंकन सेंटरचं 'रॅगटाइम': केसी लेव्हीसाठी तिकीट काढलं, पैसे वसूल

आधीच सांगते, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या 'रॅगटाइम' या संगीत नाटकाचं हे तिकीट मी नाटकासाठी काढलंच नव्हतं, त्यातल्या गायिका-अभिनेत्री केसी लेव्हीसाठी काढलं होतं. ती ज्यात असेल ते बघायचं असं माझं २०१८ पासून चालू आहे, तेव्हा लेक आठ वर्षांची होती आणि 'फ्रोझन'च्या वेडाने घरात दिवसभर निळी ओढणी घेऊन फिरायची. या वेळी सांगलीहून आई आलेली होती सहा महिन्यांसाठी, म्हणून आम्ही तिघी गेलो, आजी, मुलगी, नात. आईला इंग्रजी जेमतेम समजतं, पण गाणं समजतं, लहानपणापासून नाट्यसंगीत ऐकलेलं आहे, त्यामुळे तिला नेताना मला फार काळजी नव्हती.

ज्यांना केसी लेव्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ती मूळची कॅनडाची, ऑन्टॅरिओमधल्या हॅमिल्टनची, जन्म १९८१ चा. न्यूयॉर्कला अ‍ॅम्डा या नाट्यशाळेत शिकली आणि मग जे सगळे करतात तेच, टूरवर 'रेंट', मग 'हेअरस्प्रे'मधली पेनी, मग 'विकेड'मधली एल्फाबा ही हिरवी चेटकीण, लॉस एंजेलिसला. २००९ मध्ये ब्रॉडवेवर 'हेअर' परत आलं त्यात ती शीला होती, त्या रिव्हायव्हलला टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी ती मंडळी लंडनला गेली. मग 'घोस्ट'. हे लंडनला २०११ मध्ये झालं, तिची मॉली, आणि २०१२ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंदही झालं. 'घोस्ट'चा अल्बम आहे, मी पुष्कळ ऐकलाय, तिचा आवाज सुंदर आहे पण रेकॉर्डिंग इतकं पॉलिश केलंय की श्वास कुठे घेतला तेच कळत नाही. माझ्या मते तिला ओळखण्यासाठी तो अल्बम घेऊ नका. २०१४ मध्ये 'ले मिझराब्ल'मध्ये फँटीन केली, रामिन करिमलू हा दुसरा कॅनेडियन तेव्हा नायक व्हालजाँ होता, ते माझं बघायचं राहिलं, अजून हळहळ वाटते.

'फ्रोझन' मात्र बघितलं, त्यात ती बर्फाची जादू येणारी एल्सा होती, सेंट जेम्स थिएटरला, मागच्या रांगेतून. मध्यंतराच्या अगदी आधी 'लेट इट गो' होतं, आणि तो जड ड्रेस स्टेजवर, सगळ्यांच्या डोळ्यादेखत, पापणी लवायच्या आत नाहीसा होऊन खाली चमचमणारा बर्फाचा ड्रेस दिसतो. हजारभर पोरींनी एकदम 'हाऽऽ' केलं तो आवाज माझ्या कानात अजून आहे. लेक सीटवर उभी राहिली होती. पण मला जास्त काय आवडलं तर दुसऱ्या अंकातलं 'मॉन्स्टर', सिनेमात नाही ते, नाटकासाठी नवीन लिहिलेलं, त्यात ती स्वतःलाच विचारते की आपण राक्षस तर नाही ना, आपण मेलो तर हे सगळं थांबेल का. लहान मुलांच्या नाटकात एवढा अंधार, आणि तिने तो कुठेही गोड करून टाकला नाही. तेव्हाच मी ठरवलं की ही बाई नुसती वरची पट्टी लावणारी नाही.

आता मुद्द्याचं. 'फ्रोझन' तिने २०२० च्या फेब्रुवारीत सोडलं, मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. त्यानंतर तिने काय काय निवडलं ते बघा. राजकन्या नाही, भूत झालेल्या प्रियकराची प्रेयसी नाही. एकामागून एक घरातल्या बायका. कोणाची ना कोणाची आई.

पहिली २०२१ मध्ये, 'कॅरोलाइन, ऑर चेंज', स्टुडिओ ५४ ला. १९६३ सालचं लुइझियाना, कॅरोलाइन ही काळी मोलकरीण तळघरात धुणं धुते, आठवड्याला तीस डॉलर पगार, आणि वॉशिंग मशीन, ड्रायर, रेडिओ सगळे गातात. शॅरन डी क्लार्क कॅरोलाइन होती आणि केसी होती घरची मालकीण रोझ, न्यूयॉर्कहून लग्न करून आलेली, सावत्र मुलाचं मन काही तिला जिंकता येत नाही. तो मुलगा पँटच्या खिशात सुटे पैसे विसरतो, आणि रोझ त्याला धडा मिळावा म्हणून कॅरोलाइनला सांगते, खिशात जे सापडेल ते तू ठेव. तिला खरंच वाटतं की आपण चांगलं करतोय! मी हे बघताना खुर्चीत आक्रसून गेले होते, कारण सांगलीला आमच्याकडे धुणंभांडीवाल्या मावशी होत्या आणि खिशातल्या नाण्यांवरून, उरलेल्या भाजीवरून, जुन्या साड्यांवरून आमच्या घरात जे बोललं जायचं ते सगळं मला रोझच्या तोंडून ऐकू आलं. केसीने रोझला व्हिलन केलं नाही, मूर्खही केलं नाही. आवाज जरा जास्तच गोड, जरा जास्तच घाईचा, समोरच्याने 'थँक यू' म्हणावं म्हणून थांबलेला. पगार वाढवता येत नाही म्हणून नाणी द्यायची, ही लाज तिच्या आवाजात होती.

दुसरी 'नेक्स्ट टू नॉर्मल'मधली डायना, लंडनला, २०२३ मध्ये डॉनमार वेअरहाऊसला आणि २०२४ मध्ये मोठ्या विंडहॅम्स थिएटरला. डॉनमार म्हणजे अडीचशे सीटचं एवढंसं थिएटर. लंडनला जाणं मला शक्य नव्हतं, पण त्याचं शूटिंग झालं आणि २०२५ च्या मे महिन्यात पीबीएस या टीव्ही वाहिनीवर लागलं, सोफ्यावर बसून बघितलं. वर्षानुवर्षं बायपोलर आजाराशी झगडणारी आई, औषधं, मग शॉक ट्रीटमेंट, मग आठवणीच पुसल्या जाणं. कॅमेरा अगदी चेहऱ्याजवळ जातो आणि तिथे काही लपवता येत नाही. मला राहून राहून आठवतं ते सुरुवातीचं, ती घरातल्यांसाठी सँडविचेस करत असते आणि ब्रेडचे स्लाइस मांडत मांडत कधी जमिनीवर पोचते तिचं तिलाच कळत नाही. हात तेवढे चालू. गाण्यापेक्षा ते हात.

मध्ये २०२२ मध्ये 'लिओपोल्डश्टाट' केलं, नाटककार टॉम स्टॉपर्डचं, व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबाचं, त्यात गाणं नाहीच. ती स्वतः ज्यू घरातली आहे. मी ते बघितलं नाही म्हणून पुढे जाते.

आणि तिसरी आई ही 'रॅगटाइम'मधली, जिला नावच नाही. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'मदर'. १९०६ च्या आसपासचं न्यू रोशेल, मोठं घर, बाग, नवरा उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेला, आणि एका सकाळी तिला बागेत मातीत पुरलेलं जिवंत तान्हं बाळ सापडतं. काळं बाळ. पोलीस येतात, बाळाच्या आईला घेऊन निघणार, आणि ही बाई, जिने आयुष्यात नवऱ्याला विचारल्याशिवाय काही केलेलं नाही, ती म्हणते दोघांनाही मी ठेवून घेते. बस. नाटकाची सगळी चाकं त्या एका वाक्यावर फिरायला लागतात. आमच्या आईला शब्द कळले नव्हते, पण तिने माझा हात दाबला आणि कानात म्हणाली, "अगं, ती स्वतःच दचकली बघ." अगदी तेच होतं. केसी ते वाक्य धीराने नाही म्हणत, तोंडातून निसटल्यासारखं म्हणते, आणि मग खांदे सरळ करते, की आता बोललेच आहे तर बोलले.

मला रोझ आठवली तेव्हा. तिथे नाणी दिली, इथे घर दिलं. चार वर्षांच्या अंतराने त्याच अ‍ॅक्ट्रेसने दोन्ही करणं, हे योगायोगाने झालं असेल नाहीतर तिने ठरवून निवडलं असेल, पण दोन्ही बघितलेल्या माणसाला त्याची जी किंमत कळते ती एकट्या 'रॅगटाइम'मधून कळणार नाही.

दुसऱ्या अंकात 'बॅक टू बिफोर' येतं. या गाण्याची सगळे वाट बघत असतात, १९९८ मध्ये ब्रॉडवेवर हे नाटक पहिल्यांदा आलं तेव्हा मरिन मॅझीने गायलेलं, आणि ते रेकॉर्डिंग मी इतकं ऐकलंय की माझी धास्ती होती, तुलना होणारच. मॅझीचं भरतीच्या लाटेसारखं आहे. केसीचं तसं नाही. सुरुवात इतकी हळू केली की मला पुढे वाकावं लागलं, जवळपास बोलणंच, नवऱ्याशी भांडण नाही, तक्रार नाही, हिशोब मांडल्यासारखं. पहिली पाचेक वाक्यं तिने स्वर लांबवलेच नाहीत, प्रत्येक ओळ लवकर सोडली. आमची आई नंतर म्हणाली, "आधी पदर आवरून बसली होती गं, मग सोडला." यापेक्षा चांगलं परीक्षण मला लिहिता येणार नाही. शेवटी ती जिथे वर जाते तिथे एल्फाबाचा आणि एल्साचा आवाज आहेच, तो कुठे गेलेला नाही, फक्त आता ती तो शेवटपर्यंत राखून ठेवते. टाळ्या थांबेनात. लेक, जी आता पंधरा वर्षांची आहे आणि कशानेच भारावत नाही, ती रडत होती आणि मला बघू देत नव्हती.

बाकीच्यांबद्दल. जोशुआ हेन्री हा कोलहाऊस, म्हणजे त्या बाळाचा पियानोवादक बाप, आहे, तो पण जन्माने कॅनडाचाच, विनिपेगचा. त्याचा आवाज आला की छातीत कंप जाणवतो, अतिशयोक्ती नाही. ब्रँडन युरॅनोविट्झचा ताते, लेकीला घेऊन अमेरिकेत आलेला ज्यू बाप, फार लोभस, केसीबरोबर त्याचं 'अवर चिल्ड्रन' बघताना दोघं समुद्राकडे बघत उभे आहेत आणि काहीच घडत नाहीये असं वाटतं, आणि सगळं घडलेलं असतं. हे नाटक मुळात पहिल्यांदा टोरंटोला झालं, १९९६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे हॅमिल्टनपासून गाडीने तासाभरावर, तेव्हा केसी पंधरा वर्षांची, आमच्या लेकीच्याच वयाची. ऑर्केस्ट्रा २८ जणांचा आहे! आजकाल दहा-बारा वादकांत भागवतात, त्यामुळे पहिला कॉर्ड आला तेव्हाच मला भरून आलं.

आता कुरकुर. पहिल्या अंकात मदरला काम कमी आहे, पात्रंच इतकी आहेत, जादूगार हूडिनी, चळवळीतली एमा गोल्डमन, मोटारवाला हेन्री फोर्ड, प्रत्येकाला थोडं थोडं दिलंय आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं आईला कोण कोणाचं कोण हे मला कानात सांगावं लागलं. जाण्याआधी गोष्ट वाचून जा, खरंच. आणि लिंकन सेंटरमधल्या व्हिव्हियन बोमाँट या थिएटरचं स्टेज प्रेक्षकांत घुसलेलं आहे, तीन बाजूंनी लोक बसतात, त्यामुळे कडेच्या सीटवरून अधूनमधून पाठ दिसते आणि पाठ दिसली की शब्द निसटतात. आम्ही कडेपासून चौथ्या-पाचव्या सीटवर होतो. 'गुडबाय माय लव्ह'च्या अर्ध्या वेळ मला तिचा अंबाडाच दिसला. मधल्या भागात मागे बसलात तरी चालेल पण मधे बसा.

तिकिटाचं म्हणाल तर मी चूक केली, एका रीसेल साइटवरून घेतली आणि शेवटच्या पानावर फी लावून तीन तिकिटांना जवळजवळ चौथ्या तिकिटाचे पैसे गेले. थिएटरच्या स्वतःच्या साइटवरून किंवा बॉक्स ऑफिसवरून घ्या. न्यू जर्सीतल्या एडिसनहून जाणाऱ्यांसाठी, एनजे ट्रान्झिटच्या गाडीने पेन स्टेशन, तिथून सबवेच्या वन ट्रेनने ६६ वा रस्ता, वर आलात की समोरच. टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत आईला घेऊन शिरावं लागलं नाही हे मला फार बरं वाटलं. मॅटिनी होती, आधी कारंज्यापाशी बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. प्रयोग मध्यंतर धरून पावणेतीन तासांचा आहे, मध्यंतरात बायकांच्या बाथरूमची रांग लांबलचक, वयस्कर कोणी बरोबर असेल तर टाळ्या वाजवत न बसता लगेच उठा.

परत येताना ट्रेनमध्ये आई 'बॅक टू बिफोर'ची चाल गुणगुणत होती, शब्दांशिवाय, मध्येच थांबून म्हणाली, "ते मातीतलं बाळ मोठं होतं का गं पुढे?" शेवटच्या प्रवेशात ते छोटं पोर धावत येतं ना, तेच ते, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मला परत बघायचंय, मला वाटलं ते दुसऱ्याच कोणाचं." या वेळी मधल्या सीट शोधतेय, बॉक्स ऑफिसवरूनच.