शिक्षकांचं मानसिक आरोग्य प्रशिक्षण, बेळगाव : जावं, पण दुपारचा चहा घेऊन बसा

खानापूर तालुक्यात दहावीचा वर्ग आहे माझ्याकडे. हेडमास्तरांनी नाव घातलं म्हणून गेले.

सकाळचं सत्र मात्र वसूल. छोट्या नाटुकल्यात एका सरांना गप्प झालेला विद्यार्थी केलं, दुसऱ्यांना शिक्षक. शिक्षक लगेच उपदेशाला लागले. प्रशिक्षक बाईंनी तिथंच थांबवलं. 'काय झालंय तुला?' म्हटलं की पोरं 'काय न्हाई सर' म्हणून मोकळी. त्याऐवजी 'हल्ली डबा तसाच परत नेतोस, बघितलं मी' असं म्हणून गप्प बसायचं. आम्हा मास्तर लोकांना तेच जड जातं!

जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, हेही नीट पटवलं. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. ऑक्टोबर २०२२ पासूनची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, १४४१६, रात्रंदिवस फुकट.

जेवणानंतर नुसत्या स्लाइडी. पत्रकं कन्नड आणि इंग्रजीत. आमच्या मराठी पालकांच्या हातात काय द्यायचं ओ? एक तारा त्याचा कापला. वर्गशिक्षकांनी एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावीची परीक्षा) आधीची तुकडी गाठावी.