एकेकटे चालणारे दोन मॉनिटर एकत्र का लागत नव्हते: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी अनुवादाचं काम करते. समोरच्या मोठ्या मॉनिटरवर माझा मजकूर, डावीकडे उभ्या लावलेल्या मॉनिटरवर मूळ पुस्तकाची पानं, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर शब्दकोश नि मेल, अशी मांडणी मला हवी होती. गेले आठ महिने ती मी रोज वापरते आहे. पण त्याआधीचे तीन आठवडे दोन्ही मॉनिटर एका वेळी लागतच नव्हते, आणि त्यात माझं बरंच काम अडलं. असाच अडकलेला कुणी असेल तर त्याचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सामान सांगते. कंपन्यांची नावं देत नाही, कारण बिघाड कुठल्याच वस्तूत नव्हता. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, त्याला दोन यूएसबी-सी पोर्ट आणि एक एचडीएमआय. मोठा मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४० रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० पिक्सेल किंवा ठिपके. उभा लावलेला २४ इंची, १९२० × १०८०. आणि एक यूएसबी-सी डॉक, ज्याच्या मागे दोन एचडीएमआय पोर्ट आहेत. एकच केबल लॅपटॉपला लावायची आणि चार्जिंग, कीबोर्ड, माउस, दोन्ही मॉनिटर सगळं चालू, या सोयीसाठी मी तो घेतला होता.

पहिल्या दिवशी मोठा मॉनिटर लगेच लागला. उभ्यावर मात्र ‘सिग्नल नाही’ अशी पाटी यायची आणि थोड्या वेळात तो झोपी जायचा. गंमत अशी की डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तीनही चौकटी दिसत होत्या, म्हणजे मॉनिटर जोडलेला आहे हे विंडोजला कळत होतं. तिसरी चौकट निवडून ‘एक्स्टेंड’ केलं, म्हणजे त्या पडद्यावर वेगळं चित्र मागितलं, की सेटिंग सेव्ह करता आली नाही असा संदेश यायचा आणि सगळं पूर्वीसारखं व्हायचं.

मी केबली अदलाबदल केल्या. डॉकचे पोर्ट बदलून पाहिले. मोठा मॉनिटर काढला की उभा लागायचा, उभा काढला की मोठा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घेऊन नव्याने टाकला, डॉकचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केलं, मॉनिटरचे प्लग भिंतीतून काढून पाच मिनिटं थांबून परत लावले. काही फरक नाही. डॉक खराब आहे असं ठरवून मी तो परत करायला खोक्यातसुद्धा भरला होता.

उत्तर सापडलं ते एका संध्याकाळी, दुसऱ्याच कामात. एका जुन्या प्रोग्रॅममधली अक्षरं फार बारीक दिसत होती म्हणून मी डॉक खोक्यातून काढून दोन्ही मॉनिटर त्याला लावले आणि मोठ्याचं रिझोल्यूशन १९२० × १०८० वर आणलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि डावीकडे तीन आठवडे मेलेला उभा मॉनिटर आपोआप उजळला. मी रिझोल्यूशन पुन्हा २५६० × १४४० केलं. उभा विझला. परत खाली आणलं. उभा लागला. असं चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. एवढ्यावरून कळलं की वस्तू सगळ्या धड आहेत, जागा कमी पडते आहे.

जागा कुठली, तर केबलमधली. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार लेन, म्हणजे तारांच्या चार वेगळ्या वाटा, असतात. नुसता मॉनिटर जोडला तर चारही लेन चित्रासाठी मिळू शकतात. पण डॉकला कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, नेटवर्क हेही वेगाने चालवायचं असतं, म्हणून माझ्यासारख्या बऱ्याच डॉकमध्ये दोन लेन यूएसबीला जातात आणि दोनच चित्राला उरतात. मॉनिटरला चित्र पाठवण्याची जी डिस्प्लेपोर्ट नावाची प्रमाण पद्धत आहे, तिच्या १.२ या आवृत्तीचा माझा डॉक निघाला. लॅपटॉप १.४ चा आहे, पण दोघांत जो कमी असेल तोच वेग ठरतो. १.२ मध्ये एका लेनचा वेग सेकंदाला ५.४ गिगाबिट, त्यातला पाचवा भाग सिग्नलच्या सांकेतिक रचनेत जातो, हाती उरतात ४.३२. दोन लेनचे मिळून ८.६४.

आता खर्च बघा. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढताना, १९२० × १०८० च्या मॉनिटरला साधारण ३.५ गिगाबिट लागतात, २५६० × १४४० ला साधारण ५.८. दोन्हींची बेरीज ९.३. आणि आपल्याकडे आहेत ८.६४. थोडक्यात हुकतं! दोन्ही मॉनिटर १०८० चे असते तर बेरीज ७ च्या आसपास राहिली असती आणि मला यातलं काही कधी कळलंच नसतं. मॉनिटर उभा फिरवल्याने या हिशेबात काही बदलत नाही, तेही सांगून ठेवते. पिक्सेल तेवढेच राहतात.

डॉकच्या खोक्यावर ‘दोन मॉनिटर, ४के’ (म्हणजे ३८४० × २१६०) असं लिहिलेलं होतं. आत बारीक अक्षरांत एक तक्ता होता, त्यात एक मॉनिटर लावला तर किती, दोन लावले तर किती, हे वेगळं दिलं होतं, आणि ४के पुढे ३० हर्ट्झ. ते खोटं नव्हतं, पण ज्याला हा हिशेब माहीत नाही त्याला त्या तक्त्यातून काहीही कळत नाही. मला याचा मनापासून राग आला आणि अजून आहे. पोर्टच्या आकारावरून तर काहीच कळत नाही. माझ्याच लॅपटॉपचे दोन यूएसबी-सी पोर्ट दिसायला सारखे आहेत, पण चित्र फक्त एकातून बाहेर पडतं. ज्याच्या बाजूला डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं (यूएसबी-सीच्याच आकाराच्या वेगवान पोर्टचं) विजेचं चिन्ह आहे तो चित्राचा. चिन्ह नसेल तर मॅन्युअल बघावंच लागतं.

उपाय म्हणून मी केलं ते अगदी साधं आहे. मोठा मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआयला थेट जोडला, उभा डॉकवर ठेवला. एचडीएमआयची वाट वेगळी असल्याने डॉकच्या ८.६४ वर तिचा भार पडत नाही. एकाऐवजी दोन केबली लावाव्या लागतात, एवढंच. डिस्प्लेपोर्ट १.४ चा डॉक घेतला असता तर दोन लेनमध्ये जवळपास १३ गिगाबिट मिळाले असते आणि एका केबलीत काम झालं असतं. पण जे पोर्ट आधीच आहे ते वापरून भागत असेल तर नवा डॉक कशाला, असं मला वाटलं, आणि आठ महिन्यांनंतरही तेच वाटतं.

मधे महिनाभर एका सहकाऱ्याचा डिस्प्लेलिंकचा अडॅप्टरही वापरून पाहिला. तो चित्र दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, त्यामुळे लेनचा प्रश्न येत नाही. मजकुराच्या कामाला तो चालला. पण मोठी पीडीएफ भराभर सरकवली की माउस मागे रेंगाळल्यासारखा वाटायचा, प्रोसेसरवर भार पडून पंखा सुरू व्हायचा, आणि कॉपी-संरक्षण असलेला व्हिडिओ त्या पडद्यावर काळाच दिसायचा. दुसरा मार्गच नसेल त्याने घ्यावा.

तो सहकारी एम१ चिपचा मॅकबुक एअर वापरतो, आणि त्याची अडचण माझ्याहून वेगळी होती. एम१ आणि एम२ च्या मूळ (प्रो किंवा मॅक्स नसलेल्या) चिप असलेल्या मॅकबुकला एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, ती मर्यादा चिपचीच आहे. एम३ च्या एअरला झाकण बंद ठेवलं तर दोन चालतात, एम४ च्या एअरला झाकण उघडं ठेवूनही. शिवाय माझ्या डॉकसारखे डॉक एकाच सिग्नलमध्ये दोन चित्रं पाठवायला एमएसटी नावाची पद्धत वापरतात. मॅकओएस तिच्यावर वेगवेगळी चित्रं देत नाही, दोन्हींवर एकच दिसतं. विंडोज लॅपटॉपमध्येही मर्यादा असते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपचं ग्राफिक्स एका वेळी तीन पडदे चालवतं, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा त्यात धरलेला असतो. एचडीएमआय स्प्लिटर मात्र कुणीही या कामासाठी घेऊ नये. तो एकाच चित्राच्या दोन प्रती करतो.

या आठ महिन्यांत दोनदा अडचण आली. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी उभा मॉनिटर लागेना, लॅपटॉप चार्ज होत होता, कीबोर्डही चालत होता. आदल्या रात्री मी डॉकची केबल काढून त्या जागी फोनच्या चार्जरची लावली होती. तशा बऱ्याच केबलींत फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात, चित्राच्या लेन नसतातच. दोन्ही केबली दिसायला हुबेहूब सारख्या. तेव्हापासून डॉकच्या केबलीला दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी आहे. दुसऱ्यांदा, विंडोजच्या एका अपडेटनंतर मोठा मॉनिटर मधूनच लुकलुकायला लागला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर ते थांबलं. पडदा अचानक गेला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबते. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघड्या फायली तशाच राहतात.

रोजच्या वापरात एकच खटकतं. लॅपटॉप झोपेतून उठला की थेट जोडलेला मॉनिटर आधी जागा होतो आणि डॉकवरचा काही सेकंदांनी. तेवढ्यात सगळ्या खिडक्या मोठ्या मॉनिटरवर गोळा व्हायच्या आणि मूळ पुस्तकाचं पान मला रोज परत डावीकडे ओढावं लागायचं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर बहुतेक खिडक्या आपापल्या जागी परत जातात. शब्दकोशाची खिडकी अजूनही कधीकधी चुकीच्या पडद्यावर उघडते.