जुन्या झिऑन टॉवरवर काय टाकायचं, डेबियन की अल्मालिनक्स?

मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून निघालेले जुने वर्कस्टेशन टॉवर हल्ली आपल्या कोकणातही बरेच दिसायला लागलेत. दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर), डीडीआर३ ईसीसी रॅम (चुका स्वतः सुधारणारी), पुढून ओढून काढायचे डिस्कचे ट्रे, आणि हे सगळं नव्या साध्या पीसीपेक्षा स्वस्तात. घेऊन झालं की मग प्रश्न येतो की यावर लिनक्सचा कोणता प्रकार, म्हणजे डिस्ट्रो, टाकायचा. उबुंटू सर्व्हर मी बाजूला ठेवतोय, ते वाईट आहे म्हणून नाही, पण मी स्वतः डेबियन आणि अल्मा याच दोघांत अडकलो होतो आणि त्यांच्याबद्दलच अनुभवाने बोलू शकतो.

दोन्ही मी एकाच मशीनवर चालवलंय, आधी अल्मा मग डेबियन. मशीन देवगडला, एका आंबा-काजूवाल्यांच्या ऑफिसात, आणि मी राहतो कणकवलीत. काम साधंच आहे, सांबावर (नेटवर्कवरून फायली वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर) फायली, हिशोबाचा बॅकअप, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. हे आधीच सांगतोय कारण माझा कल त्या अंतरामुळे ठरलाय, तुमचा टॉवर तुमच्याच टेबलाखाली असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

प्रोसेसरचं पटकन. अल्मा ९ ला प्रोसेसरची निदान एक्स८६-६४-व्ही२ ही पातळी लागते, म्हणजे इंटेलची नेहेलेम पिढी किंवा त्यानंतरची. ५४०० मालिकेचा झिऑन असेल तर चर्चाच नको, डेबियन टाका. ५५०० आणि ५६०० वर ९ आरामात चालतं. अल्मा ज्याच्यावरून बनतं त्या रेड हॅटने १० ला थेट व्ही३ या वरच्या पातळीवर उडी मारली, म्हणजे हॅसवेल पिढीच्या आधीचे सगळे बाहेर, पण अल्मावाल्यांनी १० ची व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढली आणि त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक आहे, फक्त बाहेरून घ्यायची आरपीएम पॅकेजेस (अल्मा-रेड हॅटसाठीचे तयार प्रोग्रॅम) त्या व्ही२ वर चालतीलच असं धरून चालू नका. डेबियन १३ ला या भानगडीच नाहीत, ६४ बिट असलं की पुरे.

डिस्ट्रोला नावं ठेवायच्या आधी काही गोष्टी उरकून घ्या, त्या दोन्हीकडे सारख्याच छळतात. मेनू दिसून पुढे स्क्रीन काळी होत असेल तर बहुतेक एनव्हिडियाचं जुनं क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्समधला त्याचा नूवो ड्रायव्हर यांचं जमत नाहीये, ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा, एफ१० दाबा. आतमध्ये सीआर२०३२ सेल असतो तो विचार न करता बदलून टाका, नाहीतर वीज गेली की घड्याळ मागे जातं आणि मग डेबियनचं अपडेट आणणारं एपीटी सांगतं की रिलीज फाइल अजून वैधच झालेली नाही, अल्माचं तेच काम करणारं डीएनएफ सर्टिफिकेटवर अडून बसतं, आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. आणि देवगड-मालवणसारख्या खाऱ्या हवेत रॅमचे पाय काळे पडतात, ते काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि एक रात्र मेमटेस्ट चालू ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट, डिस्क. या टॉवरमध्ये बरेचदा एलएसआयच्या एसएएस१०६८ई चिपचं डिस्क जोडायचं कार्ड असतं. डेबियनचा इन्स्टॉलर सुरू केला की एमपीटीएसएएस ड्रायव्हर आपोआप लोड होतो आणि ट्रेमधल्या डिस्क समोर हजर. अल्मा ९ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये मात्र डिस्क निवडायच्या पानावर काहीच येत नाही. दुसऱ्या कन्सोलवर जाऊन एलएसपीसीआय (lspci, आतली कार्डं दाखवणारी कमांड) चालवलं तर कार्ड व्यवस्थित दिसतं, १०००:००५८ असा आयडीही दिसतो, पण खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसते. कारण उघड आहे, रेड हॅटने आवृत्ती ८ पासून अशा बऱ्याच जुन्या कार्डांचा सपोर्ट काढला आणि तेच खाली सगळ्यांकडे आलं. नवं हार्डवेअर घेणाऱ्या कंपन्यांसाठी चालवायची गोष्ट आहे, त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. उपायही आहे, ईएलरेपो या बाहेरच्या संग्रहातली ड्रायव्हर डिस्क पेनड्राइव्हवर घ्यायची आणि बूटच्या ओळीत आयएनएसटी.डीडी (inst.dd) लिहायचं, डिस्क येतात, इन्स्टॉल होतं, छान चालतं. तुम्ही म्हणाल की मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावा ना डिस्क, तर हो, साटा डिस्क असतील तर खरंच तसंच करा, शिवाय १०६८ई ला दोन टीबीच्या वरची डिस्क पूर्ण दिसतही नाही. पण आमच्याकडे डिस्कच एसएएस या सर्व्हरच्या जोडणीच्या होत्या आणि त्या साटा पोर्टला बसतच नाहीत.

इथवर मला अल्माबद्दल तक्रार नव्हती. पण त्रास इन्स्टॉलला नव्हता, तो पावसात आला. मे २०२३ मध्ये ९.२ आलं, अपडेटमधून नवं कर्नल (लिनक्सचा गाभा) बसलं, मशीन रीबूट करायचं काही कारण नव्हतं. जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात लाइट गेली, यूपीएस संपला, लाइट आल्यावर मशीन आपलंआपण चालू झालं ते त्या नव्या कर्नलवर, आणि बाहेरून घातलेला ड्रायव्हर त्या कर्नलला बसला नाही. स्क्रीनवर ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउटच्या, म्हणजे डिस्कची वाट बघून थकल्याच्या, ओळी एकाखाली एक आणि शेवटी इमर्जन्सी मोड. रूट डिस्कच नाही तर नेटवर्क कुठून येणार, एसएसएच (लांबून मशीनवर काम करायची सोय) बंद. ऑफिसातल्या मुलाला फोनवर सांगितलं की बाबा स्क्रीन आणि कीबोर्ड जोड, बंद करून चालू कर, मेनू आला की बाण खाली करून दुसरी ओळ निवड, आणि यातलं अर्धं रेंज नसल्यामुळे त्याला ऐकूच जात नव्हतं. शेवटी नांदगाव तिठ्यावरून भर पावसात मीच गेलो, जुनं कर्नल निवडलं, मशीन वर आलं. दुरुस्ती अगदी मिनिटभराची होती, पण ती करायला कोणीतरी तिथे उभं असावं लागतं आणि मला तेच नको होतं.

डेबियनवर ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, आणि इनिटरॅमएफएस (सुरू होताना रूट डिस्क शोधून देणारी छोटी फाइल) बनवताना डेबियन मुळातच बहुतेक सगळे डिस्क ड्रायव्हर आत भरतं, त्यामुळे कर्नल बदललं तरी तो मागे राहत नाही. त्यानंतर किती वेळा लाइट गेली त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही, मशीन वर आलं की फोनवर मेसेज येतो आणि विषय तिथेच संपतो. १२ वरून १३ वर नेलं तेव्हाही डिस्कनी त्रास दिला नाही.

आता अल्माची बाजूही नीट सांगायला हवी. मे २०२४ च्या ९.४ पासून त्यांनी अशा काढलेल्या बऱ्याच कार्डांचा सपोर्ट स्वतःहून परत घातला, एमपीटीएसएएस आणि मेगारेड हे ड्रायव्हर त्यात आहेत, म्हणजे आज नव्याने बसवणाऱ्याला माझ्यासारखा त्रास कदाचित होणारही नाही. अल्मा ९ ला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, डेबियन १३ एलटीएस (वाढीव मुदत) धरून २०३० पर्यंत. कॉकपिट (ब्राउझरमधून मशीन सांभाळायची सोय) तयार मिळतं, आणि ज्यांना पुढे रेड हॅटवर नोकरी करायचीय त्यांनी घरी अल्मा चालवणं फायद्याचंच आहे. एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेमुळे सांबाच्या फोल्डरला लेबल द्यावं लागतं पण ते एकदा शिकलं की झालं. डेबियनचीही कुरकुर आहे, पूर्वी ब्रॉडकॉमच्या बीएनएक्स२ नेटवर्क कार्डाला फर्मवेअर वेगळं शोधून द्यावं लागायचं, ते आता १२ पासून इन्स्टॉलरमध्येच असतं, पण आपोआप अपडेटचं सेटिंग अजूनही हाताने नीट बघावं लागतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर जिथे मशीन लांब आहे, पाऊस आहे आणि कार्ड जुनं आहे तिथे मी डेबियनच टाकतो. तुम्ही काहीही टाका, पण आधी दोन्हीचे पेनड्राइव्ह करून बूट करा, एलएसपीसीआयला ‘-के’ (-k) लावून डिस्कच्या कार्डाखाली ड्रायव्हरची ओळ येते का बघा, बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग लावा, आणि मिरगाच्या आत एकदा खरोखर मेन स्विच बंद करून ते कोणाचा हात न लागता वर येतं का ते पाहून घ्या.