ऑर्किडची ‘हातानं रंगवलेली’ जुनी चित्रं घेताय? आधी हे वाचा

३९,८५० रुपये. चार चित्रांचे ३८,००० आणि पॅकिंग-कुरिअरचे १,८५०. एवढे मोजून हातात काय पडलं, तर चहाच्या पाण्यानं पिवळा केलेला कागद आणि त्यावर इंकजेट प्रिंट!

विकणारा म्हणाला, किंग आणि पँटलिंग यांच्या सिक्कीम-हिमालयातल्या ऑर्किडवरच्या १८९८ च्या ग्रंथातली ही मूळ पानं. ग्रंथ खरा आहे, कलकत्त्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनचा. त्यातली चित्रं शिळाछापाची, रंग मात्र हातानं भरलेले, पँटलिंगनं शिकवून तयार केलेल्या हिमालयातल्याच पोरांनी. त्या पोरांच्या हातचं काम आपल्या भिंतीवर असावं, असं वाटलं मला. यात गैर काय?

चित्राच्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का होता. मध्ये क्रूसाची ढाल, दोन्ही बाजूंना सिंह. ईस्ट इंडिया कंपनीचं मानचिन्ह! व्हिडिओ कॉलवर त्यानं ते तिरक्या उजेडात फिरवून दाखवलं. तिथेच सगळं कळायला हवं होतं. कंपनीचा कारभार १८५८ मध्ये राणीकडे गेला, १८७४ मध्ये कंपनीच विसर्जित झाली. मग १८९८ च्या पानावर तिचा शिक्का मारला कोणी? मी विचारलंही. उत्तर तयार होतं, “सर, बाग कंपनीचीच ना, १७८७ ची.” आणि बाग खरोखरच कंपनीच्या अमलात, रॉबर्ट किडच्या पुढाकारानं १७८७ मध्ये सुरू झालेली. खोट्याला इतकं खरं अस्तर लावल्यावर कोणाचाही विश्वास बसेल. मी त्याच रात्री २०,००० पाठवले, उरलेले पार्सल निघताना.

भिंग आधी विकत घ्या, चित्र नंतर. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली माझ्या पाकळ्यांवर नुसते रंगीत ठिपके दिसले. हाताच्या रंगाला ठिपके नसतात, तो सलग असतो आणि कुठे कुठे रेषेबाहेर सांडलेला दिसतो.

पोलिस चौकीत ऐकवलं, “चित्रं मिळाली ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण.” खोटा माल खरा म्हणून विकणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? दुसरीकडे पाठवलं, तिथून परत पहिलीकडे. एका साहेबानं तर चित्र उलटसुलट करून “छान आहे की, लावा घरात” म्हटलं. बँकेचं उत्तर, पैसे तुम्हीच पाठवलेत. पिन मी टाकला म्हणून चोर साव झाला का? ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, हे मला एकानंही सांगितलं नाही. स्वतः शोधावं लागलं.

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर अशा जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पानं फुकट आहेत. चित्रावरचा डाग तिथल्या पानावरही त्याच जागी असेल, तर ती त्या स्कॅनचीच छापील प्रत, एक रुपया देऊ नका. मागच्या बाजूचा फोटो मागा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा. चॅट पुसू नका. पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, चौकी नंतर.

त्याचं खातं आजही चालू आहे. कालच नवं ऑर्किड टाकलंय, कोपऱ्यात तोच शिक्का, किंमत ११,०००.