इलेक्ट्रिक गाडीचे ११ महिने: तक्रार एकच, ती आवाजाची

गेल्या वर्षी पाडव्याला इलेक्ट्रिक गाडी घरी आणली. ११ महिने झाले, १४ हजार किलोमीटर झाले. रोज कर्वेनगर ते हिंजवडी जाणं-येणं आणि महिन्यातून एक-दोनदा मामांकडे वाईला.

रेंज आणि खर्चाचं आधी उरकतो. एसी लावून शहरात २८०-२९० किलोमीटर आरामात मिळतात. वाईला जाऊन परत येईपर्यंत चार्जिंगला थांबावं लागत नाही, खंबाटकी उतरताना थोडी बॅटरी भरूनही निघते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःचा मीटर घेतलाय. पेट्रोलचे महिन्याला नऊ हजारांच्या वर जायचे, तिथे आता विजेचे सतराशे-अठराशे होतात. एवढ्या महिन्यांत एकदाच सर्व्हिस सेंटरला जावं लागलं. गाडीवर मी मनापासून खूश आहे आणि पुढची गाडीही इलेक्ट्रिकच घेईन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधल्या मुलानं स्क्रीनवरची एकेक गोष्ट समजावून दिली. त्यात पादचाऱ्यांसाठी बाहेर आवाज सोडायचं एक बटण होतं. "सर, हे बंदच ठेवा, उगाच कटकट असते," असं म्हणून त्यानंच ते बंद केलं. मलाही ते पटलं. इतकी शांत गाडी घ्यायची आणि वर पैसे देऊन घेतलेल्या शांततेत मुद्दाम आवाज कशाला मिसळायचा? पाच महिने ते बटण बंदच होतं.

गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळचे साडेसहा, रात्रभर पाऊस पडून गेलेला. आमच्या पार्किंगच्या मागे भिंतीला लागून पारिजातकाचं झाड आहे. मी गाडी रिव्हर्सला टाकली. मागच्या कॅमेऱ्यावर पाण्याचे थेंब बसले होते, स्क्रीनवर सगळं पुसट. सेन्सर वाजायला लागला. तिथे एक मोठी कुंडी आहे, तिच्यासाठी तो रोजच वाजतो. पण त्या दिवशी जरा लवकर वाजला असं वाटलं, म्हणून ब्रेक दाबला आणि उतरून मागे गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गाडीकडे पाठ करून, वाकून फुलं वेचत होत्या. परडी जमिनीवर. बंपर आणि त्यांच्यामध्ये हातभर अंतर. मी हाक मारली तेव्हा त्या वळल्या.

"अगं बाई! तू कधी आलास?"

त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मला घाम फुटला होता आणि त्या मला समजावत होत्या, "अरे, चूक माझीच. तुझी जुनी गाडी सुरू झाली की मी आपोआप बाजूला व्हायचे. या नवीनचं काही कळतच नाही."

रिव्हर्स सेन्सर आपल्याकडे जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत. चांगलंच झालं ते. पण सेन्सर वाजतो तो गाडीच्या आत. कॅमेऱ्याचं चित्र दिसतं तेही आत. मला सावध करायला गाडीत इतकं सगळं होतं आणि आजींना सावध करायला जे एकच साधन होतं ते मी बंद करून ठेवलं होतं. तिथेच उभं राहून बटण चालू केलं.

आता या आवाजाबद्दल. गाडी हलली की तो सुरू होतो, वेग विशीच्या पुढे गेला की विरत जातो. दुरून कुणी तंबोरा जुळवत असावं तशी एक घुमणारी आस असते, वेगाबरोबर सूर किंचित चढतो. काचा वर असतील तर आत जेमतेम ऐकू येतो. ‘कटकट’ म्हणावं असं त्यात काहीही नाही. रिव्हर्सला वेगळा, तुटक आवाज येतो.

विशीनंतर तो का थांबतो, हे मी स्वतःच पाहिलं. मुलाला गाडी चालवायला दिली आणि मी आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ताशी तीसच्या पुढे कुठलीही गाडी टायरांच्या आणि वाऱ्याच्या आवाजानं कळते, इंजिन असो वा नसो. हमरस्त्यावर इलेक्ट्रिक गाडी धोकादायक शांत असते असं कुणी म्हणत असेल तर माझ्या अनुभवात ते खरं नाही. खरा प्रश्न विशीच्या आतला आहे: पार्किंग, गल्ली, सोसायटीचं फाटक, शाळेसमोरचा रस्ता. आणि लहान मुलं, म्हातारी माणसं गाडीच्या सगळ्यात जवळ येतात ती नेमकी इथेच.

तरीही हे सगळं मला नीट उमगलं ते वाईत गेल्यावर. माझे मामा निवृत्त शिक्षक. काचबिंदूनं नऊ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. ते मधल्या आळीत राहतात आणि रोज संध्याकाळी पांढरी काठी घेऊन एकटे घाटावर ढोल्या गणपतीपर्यंत जाऊन येतात. आजींचा प्रसंग त्यांना सांगितला तर म्हणाले, "चल, करून बघू."

ते वाड्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. गाडी ऐकू आली की काठी वर करायची, असं ठरलं. मी आवाज बंद ठेवून ताशी आठ-दहाच्या वेगानं आलो. काठी वर गेली तेव्हा गाडीचं नाक त्यांच्यापासून दोन पावलांवर होतं, आणि तेही टायरखाली खडी चुरचुरली म्हणून. आवाज चालू करून आलो, तेव्हा पंधरा-सोळा पावलांवरून काठी वर. मग शेजाऱ्यांनी आपली डिझेल जीप आणली. ती अजून आळीत वळलीही नव्हती तोच मामांची काठी वर! तीन-चारदा केलं, थोड्याफार फरकानं तेच. पण एकदा मी येत असताना बुलेट बाजूनं गेली, तेव्हा माझ्या गाडीचा आवाज तिच्यात पार बुडाला. मामांना मी जवळ येईपर्यंत कळलं नाही. तेव्हा हा आवाज असला की सगळं निभावलं असंही नाही.

नंतर चहा घेताना मामा जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "चालती गाडी सोड, तिचं काहीतरी कळतं. मला थांबलेल्या गाडीचं इंजिन लागतं. ते घुरघुरत असलं की इथे गाडी आहे हे कळतं, आणि घुरघुर बदलली की ती निघणार हेही कळतं. तुझी गाडी थांबली की माझ्यापुरती ती तिथे नसतेच. आणि मग एकदम निघते."

नियम वाचायला लागलो तो त्यांच्या या बोलण्यामुळे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमध्ये १३८ क्रमांकाचा नियम या आवाजाचा आहे. ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल, २० ला ५६, रिव्हर्सला ४७, आणि कमाल ७५. युरोपमध्ये जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक व हायब्रिड गाडीला तो आवाज सक्तीचा झाला. वेग वाढेल तसा सूर चढलाच पाहिजे हेही नियमात आहे, म्हणजे गाडी निघतेय की थांबतेय हे कानाला कळावं. आवाजाचा काही भाग १६०० हर्ट्झ किंवा त्याखालच्या पट्ट्यात असावा लागतो. उतारवयात वरच्या पट्टीतला आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि मोटरचा आपला मूळचा आवाज असतो तो बारीक, वरच्या पट्टीतला. आजींना माझी गाडी का ऐकू आली नाही, ते हे वाचून समजलं. नियमाच्या सुधारित आवृत्तीत चालकाला आवाज बंद करता येईल असं बटण द्यायलाच मनाई आहे. माझ्या गाडीत ते आहे आणि शोरूमचा पहिला सल्ला ते बंद करण्याचा!

थांबलेल्या गाडीचं मात्र या नियमात राहून गेलंय, उभ्या गाडीला आवाज ऐच्छिक ठेवलाय. अमेरिकेनं वेगळं केलं. तिथे अंध व्यक्तींच्या राष्ट्रीय संघटनेनं हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, जानेवारी २०११ मध्ये कायदा झाला, आणि त्यातून आलेल्या नियमाप्रमाणे गियर ‘पार्क’वर टाकलेला नसेल तर गाडी उभी असतानाही आवाज आला पाहिजे. मामांना हे वाचून दाखवलं तर ते नुसते म्हणाले, "म्हणजे त्यांनी आमच्यासारख्यांना विचारलं."

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. प्रवासी आणि मालवाहू इलेक्ट्रिक वाहनांच्या नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०२७ पासून हा आवाज द्यायचा, असं त्यात आहे. मला आनंद झाला. पण दुचाकी त्यात नाहीत, आणि आमच्या गल्लीत इलेक्ट्रिक गाड्या म्हणजे मुख्यतः स्कूटरच. दिवसभर पार्सलवाली मुलं त्यांच्यावरून ये-जा करतात, बऱ्याचदा उलट्या दिशेनं. मामा वाईत सगळ्यात जास्त घाबरतात ते त्यांनाच. दुचाकींचाही यात समावेश व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

ऑफिसमधले मित्र म्हणतात की आधीच इतका गोंगाट, त्यात अजून आवाज कशाला? त्यांना मी सांगतो की दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो, या आवाजाची नियमातली किमान पातळी त्याहून कमी आहे. दुसरं म्हणणं असतं की आजकालच्या पेट्रोल गाड्याही शांतच असतात. असतात खऱ्या, पण आकडे काय सांगतात? लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. गाडी जितकी चालते त्या हिशोबानं, इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या साधारण दुप्पट निघालं, आणि शहरांत त्याहून जास्त. खेड्यांतल्या रस्त्यांवर तसा फरक दिसला नाही. हा काळ आवाज सक्तीचा होण्याच्या आधीचा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं.

बटण चालू करून सहा महिने झालेत. पहिल्या आठवड्यातच वॉचमन म्हणाला, "साहेब, आता तुमची गाडी आल्याचं कळतं." पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं मी न सांगता बाजूला होतात. हॉर्न तर मी गल्लीत जवळजवळ सोडूनच दिलाय. आवाज बंद होता तेव्हा तो फार लागायचा, आणि चालणाऱ्या माणसाच्या पाठीमागे तीन फुटांवरून अचानक हॉर्न वाजवणं हे मला तेव्हाही बरं वाटत नव्हतं. माणूस दचकतो, कधीकधी चुकीच्या बाजूला उडी मारतो. आमच्या आजींसारखं कुणी तोल जाऊन पडायचं.

उभ्या गाडीचा प्रश्न मात्र माझ्या गाडीत सुटलेला नाही. सोसायटीतली एक कुत्री माझ्या गाडीखाली झोपते. पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरला की ती उठून जायची, हिचं तिला काही कळत नाही. म्हणून रोज सकाळी बसण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारतो आणि ती बाहेर आली की मग दार उघडतो.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: टेस्ट ड्राइव्हला गेलात की आधी गाडीबाहेर उभे राहा, सेल्समनला गाडी सावकाश पुढे-मागे घ्यायला लावा आणि पाठ फिरवून ऐका. जमलं तर घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्या. आवाज मुळात आहे का आणि तो बंद करता येतो का, हे विचारा. माझ्या गाडीत एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर ते बटण आपोआप बंद झालेलं सापडलं, आठवडाभर माझ्या लक्षात आलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरला लेखी कळवलंय. तोपर्यंत प्रत्येक अपडेटनंतर आधी तेच बघतो.

वाईच्या आळीत कुणाची वाट बघत थांबायचं असेल, तर काच खाली करून रेडिओ हळू आवाजात लावून ठेवतो. हा उपाय मामांनी सुचवला. निघायच्या आधी रेडिओ बंद करायचा, म्हणजे गाडी हलणार हे त्यांना कळतं.